सोलिंगच्या घराची कोरी भिंत

माझ्या मरणाची बातमी मला समोरच्या सिसिंगच्या रडण्यावरून कळली. मी वरच्या मजल्यावर खिडकीच्या आड बसून बिनमिठाचा लुगाव गिळत होतो. तांदळाची ती पेज खाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी सकाळपासून बायकोला ऐकवत होतो. ते इतक्या लवकर कुणी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

पण आधी माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण मला मारलं तिने.

पेताय आमची एकुलती एक. मनिलाच्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी ती कोंबड्यांची चित्रं काढायची. त्या कोंबड्यांसारख्या दिसायच्या आणि आम्ही खूश व्हायचो. मनिलाला गेल्यावर तिने आम्हाला सांगितलं की कोंबडी कोंबडीसारखी काढणं ही नुसती नक्कल आहे. मग चित्रातली कोंबडी गेली, एक पीस उरलं. पुढच्या वर्षी पीसही उडालं आणि कोऱ्या कॅनव्हासला तिने नाव दिलं, ‘कोंबडी गेल्यानंतर’. मी विचारलं, “पोरी, फी मात्र अख्ख्या कोंबडीची घेतात ना?” त्यावर ती सुट्टी संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिच्या डोक्यात हे सगळं भरणारे गुरू म्हणजे प्रोफेसर अरास्तिया. त्यांनी एकदा बैठक नसलेली खुर्ची प्रदर्शनात मांडली होती आणि पेपरात तिचा फोटो आला होता.

“कुणी बसलं का त्या खुर्चीवर?” मी पेतायला विचारलं होतं.

“ताताय, बसता येत नाही हाच तर मुद्दा आहे.”

“मग आपल्या परसातली पाठवून दे की. तिच्यावरही बसता येत नाही.”

“ती आपोआप मोडलीय. सरांनी मुद्दाम मोडली. फरक आहे.”

फरक असेलही. मी आयुष्यभर मुळे आणि चवळीच्या शेंगा पिकवल्या. त्या मुद्दाम आल्या की आपोआप, हे मला कुणी विचारलं नाही.

आता बायकोबद्दल, म्हणजे सोलिंगबद्दल. आमच्या गावात मे महिन्यात सान इसिद्रोचा सण असतो. संत शेतकऱ्यांचा. त्यामुळे त्याची मिरवणूक ज्या गल्लीतून जाते तिथली घरं शेतमालाने मढवायची: शेंगांच्या माळा, मुळे, केळ्यांचे घड, लॉन्गानिसा सॉसेजचं तोरण आणि सगळ्यात वर किपिंग. किपिंग म्हणजे तांदळाचं पीठ खऱ्या पानावर थापून, उकडून, वाळवून केलेली रंगीत पानं. उजेडात धरली की काचेसारखी दिसतात आणि तळली की खाता येतात. त्यांची झुंबरं करून खिडक्यांना टांगतात. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, म्हणून आमच्या गल्लीची पाळी पाच-सहा वर्षांनी कधीतरी येते. आणि ज्या घराची सजावट मनात भरते, त्याच्यासमोर खांदेकरी मूर्ती घटकाभर थांबवतात. नगरपालिकेचं बक्षीसही असतं, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. संत कुणाच्या दारात थांबला, एवढंच पुढच्या पाळीपर्यंत बोललं जातं.

आमचं लग्न झाल्यापासून संत सोलिंगच्या दारात थांबलेला नाही. दर पाळीला तो समोर सिसिंगकडे थांबला. मागच्या खेपेला तर एका खांदेकऱ्याची चप्पल आमच्यासमोर निसटली. मूर्ती जराशी अडखळली, सोलिंगने हात जोडले, डोळे मिटले, आणि तेवढ्यात चप्पल सापडली. तो दिवस तिने मनात धरून ठेवलाय.

या वेळी आमच्या गल्लीची पाळी. ईस्टर संपल्यापासून सोलिंग किपिंग करत होती. कॉफीची पानं, फणसाची पानं, शोधून शोधून अखंड पानं आणायची. पलंगाखाली टोपल्या, कपाटावर टोपल्या. मी कूस बदलली तरी ओरडायची, “हळू! हिरवी मोडतील!” मग माझ्या पित्ताशयात खडे निघाले, एका दुपारी सगळ्या गल्लीदेखत मला रुग्णवाहिकेत घातलं आणि लुसेनाच्या इस्पितळात नेलं. मी तिकडे असताना पेताय घरी आली आणि सोलिंगने गल्लीभर जाहीर केलं, “या वेळी दर्शनी भिंत माझी मुलगी करणार. शिकलीय ती.”

पेतायने होकार दिला, कारण तिला शेवटच्या वर्षासाठी एक मोठं काम करून दाखवायचं होतं आणि प्रोफेसर अरास्तिया ते बघायला स्वतः येणार होते. पास-नापास त्यांच्या हातात. तिने खूप विचार केला. पेताय विचार करायला लागली की मला घाबरायला होतं. इस्पितळात तिने माझे खडे मागितले होते, “इतकं आतून आलेलं दुसरं काय असणार, ताताय?” मी ते नर्सला फेकून द्यायला सांगितले.

मला घरी आणलं ते सणाच्या आदल्या संध्याकाळी, मागच्या शेताकडच्या वाटेने, सगळं गाव चर्चमध्ये असताना. डॉक्टरांनी जिना उतरायची बंदी केलेली. सकाळी मी खिडकीतून खाली डोकावलो. गल्ली नटून बसली होती. सिसिंगच्या घरावर तर किपिंगचा मोर होता, शेपटी गच्चीपर्यंत. आणि आमची भिंत कोरी. एक शेंगसुद्धा नाही. दारावर फक्त एक पांढरा कागद.

“पेताय! कधी लावणार? दुपारी मिरवणूक आहे.”

“लावून झालं, ताताय.” ती वर आली. डोळ्यांखाली काळं, चेहरा उजळलेला. “सगळे जण भरतात. भरणं सोपं आहे. नानायची झुंबरं सुंदर आहेत, मी नाही म्हणत नाही, पण ती हस्तकला आहे. दरवेळी तीच पानं, तेच रंग. हात चालतात, डोकं झोपलेलं असतं. मी एकच प्रश्न विचारलाय. नसणं दिसतं का?”

“मला तर फक्त नसणंच दिसतंय.”

“बघ! म्हणजे पोचलं!”

सोलिंग कोपऱ्यात टोपलीवर हात ठेवून बसली होती. “मी म्हटलं होतं हिला,” ती हळूच म्हणाली, “घर कोरं ठेवलं तर लोकांना वाटेल की...” आणि माझ्याकडे बघून ती थांबली. तिने क्रूसाची खूण केली.

“वाटू दे की! लोकांना काय वाटतं तेच माझं काम आहे,” पेताय म्हणाली.

माझं लक्ष पेजेत होतं, नाहीतर मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या गावात सणाच्या दिवशी घर कोरं राहतं ते एकाच कारणाने. त्या घरात माणूस गेलेला असतो. पेताय मागच्या पाळीला शाळकरी होती, तिने तसं घर पाहिलेलं नव्हतं. आणि मी इस्पितळात पडलेलो असताना मरणाचं नाव काढायला सोलिंगची जीभ रेटली नव्हती. शिवाय दारावरच्या त्या कागदावर आमच्या विदुषीने लिहिलं होतं, ‘जे इथे होतं ते आता नाही. त्याची जागा पाहा.’

सिसिंगने कागद वाचला आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून गळा काढला. “अम्बो गेला! कुया अम्बो गेला गं!” अम्बो म्हणजे मी, आणि कुया म्हणजे दादा.

सोलिंग धावत खाली गेली. मला वरून सगळं ऐकू येत होतं. तिने तोंड उघडायच्या आत सिसिंगने तिला कवटाळलं. ती सोलिंगला आते म्हणते, म्हणजे ताई. “बोलू नकोस, आते सोलिंग, काही बोलू नकोस.” सोलिंग सकाळपासून कोऱ्या भिंतीपायी रडू दाबून होती, ते तिथे फुटलं. झालं, बायकोच रडतेय म्हटल्यावर आणखी पुरावा कुणाला हवा? मला नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं, परत आणताना कुणीच नाही, त्यामुळे मढं लुसेनाहून यायचंय असंच सगळे धरून चालले. हां हां म्हणता दारात शेजारी जमले. कुणी कॉफी आणली, कुणी बिस्किटं. आणि सिसिंगने जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. ती शिडी लावून वर चढली, आपल्या मोराची शेपटी सोडवली आणि आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवली. तिचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या घराची एकेक वस्तू काढून आणली. शेंगा, मुळे, केळी, लॉन्गानिसा. दारात ढीग झाला.

“रडू नकोस,” सिसिंग म्हणाली. “आज संत तुझ्याच दारात थांबणार. मूर्ती खाली ठेवतील. फादर प्रार्थना म्हणतील.”

ही आमची रीतच आहे. सजवलेल्या घरासमोर संत खांद्यावरच थांबतो, पण शोकाच्या घरासमोर त्याला जमिनीवर टेकवतात. मला वरून सोलिंगची पाठ दिसत होती. तिचं रडणं मध्येच थांबलं.

ती वर आली आणि दार लावून घेतलं. 

“ऐकलंस?” ती म्हणाली.

“ऐकलं. शेजारचा तेबान म्हणत होता मी फार दिलदार होतो.”

“थट्टा सुचते तुला! मी आत्ता खाली जाते आणि सांगते.”

“आणि मग?”

तिला उत्तर माहीत होतं. मग भिंत कोरी, नवरा जिवंत, शेजाऱ्यांची फसवणूक, आणि संत नाक मुरडून पुढे. पुढची पाळी येईपर्यंत आमचे गुडघे साथ देतील की नाही, देव जाणे. ती टोपलीतल्या हिरव्या पानांवरून बोट फिरवत होती. मला तिची अशी काही दया आली की सांगता येत नाही.

“सोलिंग,” मी म्हटलं, “दुपारपर्यंत मेलो म्हणून माझं काय बिघडतं? तसंही मला जिना उतरायची बंदीच आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने खिडकीचा पडदा ओढला. “खोकू नकोस,” ती म्हणाली आणि खाली गेली.

मेलेल्या माणसाचे दिवस बरे जातात. खाली तेबान सांगत होता की माझ्याइतका चांगला गाणारा माणूस गावात झाला नाही. जिवंतपणी तो मला माईकला हात लावू देत नसे. सिसिंगच्या नवऱ्याने पत्ते काढले, शोकाच्या घरी बसायचं तर काहीतरी खेळायला हवंच. कुणीतरी लॉन्गानिसा तळायला घेतली आणि लसणाचा वास जिन्यावरून वर आला. मी लुगावचं भांडं दूर सारलं आणि डोळ्यांत खरंच पाणी आलं.

पेताय वर आली ती पांढरीफटक. “ताताय, सगळे म्हणतात तू—”

“माहीत आहे. बस.”

ती माझ्या पायाशी बसली. मला वाटलं रडेल. पण ती विचार करत होती. “चार वर्षं मी इतकी कामं केली. माणसं यायची, वाइन प्यायची, मान हलवायची आणि जायची. कुणाला साधी जांभई आली नाही, इतकं त्यांना काही वाटायचं नाही. आज मी काहीच केलं नाही आणि अख्खी गल्ली रडतेय. आते सिसिंगने स्वतःचा मोर मोडला. ही कला झाली का, ताताय? की ही नुसती चूक?”

“तुझ्या सरांनी मुद्दाम केली असती तर कला. तू केलीस तर चूक.”

या वेळी ती रागावली नाही. “आणि नानाय?” तिने विचारलं. “तिला काय वाटतंय?”

हा तिने चार वर्षांत विचारलेला पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी पलंगाखाली बोट दाखवलं. ती वाकली. एकावर एक टोपल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, प्रत्येक थरात जुनं वर्तमानपत्र. ती तशीच वाकून बसून राहिली.

तेवढ्यात खाली मोटार थांबली आणि प्रोफेसर अरास्तिया उतरले. मे महिन्याच्या उन्हात गळ्यात मफलर. पेताय धावत गेली. प्रोफेसरांनी आधी भिंत पाहिली, मग कागद, मग दारातली माणसं.

“शोक करणारी माणसं!” ते म्हणाले. “ही कल्पना तू मला सांगितली नव्हतीस.”

“सर, ते शेजारी आहेत.”

“शेजारी घेतलेस! व्यावसायिक नट नाही घेतलेस! फार धाडसी.” ते पत्ते खेळणाऱ्यांभोवती एक फेरी मारून आले. “मृत्यू आणि जुगार. वा.” मग ते सिसिंगपाशी थांबले. “तुम्ही थोडं कमी रडा. आत्ता ते जरा भडक होतंय.”

सिसिंगने डोळ्यांवरचा रुमाल बाजूला केला नसता तर बरं झालं असतं. “हा कोण रे चोंबडा? घरात माणूस गेलाय आणि हा मला रडायला शिकवतो? तुझ्या घरी कुणी मेलं नाही का कधी?”

“तोच तर प्रश्न हे काम विचारतंय,” प्रोफेसर समाधानाने म्हणाले. मग पेतायकडे वळले. “तू उत्तम पास झालीस.”

पेतायने मान खाली घातली. ज्या शब्दासाठी ती चार वर्षं झिजली तो शब्द मिळाला, आणि तिचा चेहरा मुळा खाल्ल्यासारखा.

मग बँड ऐकू आला.

मिरवणूक गल्लीत वळली. पुढे फुलं टाकणाऱ्या पोरी, मग बँड, मग खांद्यांवर सान इसिद्रो, लाकडाचा, हातात कुदळ, गालांना नवा रंग. सिसिंगच्या शेपटी तुटलेल्या मोरासमोरून तो न थांबता आला. आमच्या दारासमोर बँड थांबला. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, गुडघे वाकवले आणि संताला जमिनीवर टेकवलं. आमच्या दारात. सोलिंगच्या दारात. मी पडद्याच्या फटीतून तिच्याकडे बघत होतो. काळा रुमाल डोक्यावर, हात जोडलेले, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मेल्याचं सार्थक झालं.

फादरनी पुस्तक उघडलं. “हे प्रभू, तुझा सेवक अम्ब्रोसियो याच्या आत्म्याला—”

“नाही!”

सोलिंग ओरडली होती. “नका म्हणू! त्याचं नाव नका घेऊ तसं! तो जिवंत आहे, वर बसलाय, पेज पितोय!” तिने डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. “इतक्या वर्षांनी संत थांबला म्हणून मी गप्प बसले. पण ते नाव नका घेऊ. मोठ्या मुश्किलीने आणलाय त्याला घरी.”

सगळ्यांनी वर पाहिलं. लपायचं तरी किती? मी पडदा सारला. अंगात बनियन, खाली फुलाफुलांची चड्डी, हातात लुगावचं भांडं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी हात हलवला.

पहिला मुळा तेबानने फेकला. “दिलदार म्हटलं रे तुला!” तो माझ्या कानाजवळून जाऊन चौकटीत अडकला. मग सिसिंगने आपल्या मोराच्या शेपटीतली पानं मुठीने उचलली आणि भिरकावली. “माझा मोर! माझा मोर मोडला मी तुझ्यासाठी, मेल्या!” मग कुणी थांबेना. सणाच्या दिवशी खिडकीतून खाली खाऊ फेकायची आमची रीत आहे, खालून वर फेकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. जो तो स्वतःचं आणलेलं ढिगातून उचलायचा आणि नेम धरायचा. शेंगांच्या माळा गजांना लटकल्या. लॉन्गानिसाचं तोरण पन्हळीवर बसलं. केळ्यांचा घड छपराच्या कडेला अडकला. किपिंगची पानं भिंतीवर आपटून जिथे खिळा, फट, कोपरा सापडेल तिथे चिकटली, उरलेली वाऱ्याने उडाली आणि बँडवाल्यांच्या टोप्यांवर पडली. कुठेतरी रागाचं हसू झालं. ट्रम्पेटवाला इतका हसत होता की त्याला फुंक मारता येईना, आणि बँडचा इशारा झाल्याशिवाय टेकवलेला संत उचलायचा नसतो. त्यामुळे सान इसिद्रो कुदळ धरून आमच्या दारात उभाच राहिला.

प्रोफेसर अरास्तियांच्या मफलरात एक मुळा होता. “हे काय झालं?” ते पेतायला म्हणाले. “ती शांतता, ते रितेपण, सगळं गेलं! याची जत्रा झाली. हे थांबव, नाहीतर मला गुणांचा पुन्हा विचार करावा लागेल.”

पेतायने भिंतीकडे पाहिलं. मग सोलिंगकडे. सोलिंग सगळं विसरून डोकं तिरकं करून खिडकीखालच्या एका शेंगांच्या माळेकडे बघत होती आणि तिची बोटं हवेतल्या हवेत ती माळ सरळ करत होती.

पेताय घरात गेली. पलंगाखालून तिने सगळ्या टोपल्या ओढल्या, माझ्याकडे न बघता, आणि दोन खेपांत खाली नेल्या. मग परसातली शिडी आणून भिंतीला लावली आणि दारावरचा कागद काढून खिशात कोंबला.

“नानाय, तू वर चढ. मी खालून देते.”

“आता? सगळ्यांसमोर? आणि तुझे सर?”

“सर, शिडी धरा,” पेताय म्हणाली.

ते इतके चकित झाले की त्यांनी धरली. सोलिंग चढली. पेतायने एकेक झुंबर उकलून तिच्या हातात दिलं, हिरवं, मग लाल, मग हिरवं. सिसिंग थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग ओरडली, “अगं बाई, लाल वर! हिरवं खाली!” आणि स्वतःच दुसऱ्या बाजूने हात लावायला आली. ट्रम्पेटवाल्याने डोळे पुसले, ट्रम्पेट ओठांना लावला, आणि गुपचूप पुन्हा खाली ठेवला.

“पण याला नेमकं म्हणायचं काय?” प्रोफेसरांनी शिडी धरूनच विचारलं. “हे कुणाचं काम? नाव काय द्यायचं याला?”

“नावाचं नंतर बघू,” सोलिंग वरून म्हणाली. तिने शेवटचं झुंबर खिडकीच्या मधोमध, अगदी माझ्या नाकासमोर टांगलं. “आधी सांगा, डावीकडे कललंय का?”

प्रोफेसर शिडी पेतायच्या हाती देऊन मागे सरकले. पार संताच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच ते काही न बोलता एखादी गोष्ट बघत होते.

“थोडंसं,” ते म्हणाले.